हे लिहू नको हं, कोर्टबाई

मंगळवार, ३ मार्च. सकाळी १०.२०
हजर : आजी, लिहिणारी

भिंगरे,

आधी ओळख करून देते, म्हणजे कुणाचं पत्र म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसायला नको. मी तुझ्या आईची आई. तिसऱ्या मजल्यावर राहते, जिन्याला लागून. तुझी आई गेली तेव्हा नऊ वर्षांची तू माझ्याकडे आलीस आणि पंचवीस वर्षांची होऊन निघून गेलीस. मधली सोळा वर्षं तुझ्या वेण्या कुणी घातल्या हे आठवत असेल, तर ती मी. नसेल आठवत तर केसांना विचार. पळून पळून माणसाची आठवण घामावाटे निघून जाते की काय, हे एकदा कुणा जाणत्याला विचारायचं आहे.

अक्षर माझं नाही हे तुला कळलं असेलच. माझं असतं तर कोरा कागद आला असता. लिहिते आहे ती समोरच्या खोलीतली कोर्टबाई. तू गेल्यावर राहायला आली. चौतीस वर्षं कोर्टात बसून साक्षीदार काय बोलतात ते उतरवून घेत होती. आता ती निवृत्त झाली, हात नाही झाला. मी म्हटलं, मी सांगते, तू उतरव. ती म्हणाली, सांगा, मी शब्द गाळत नाही. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.

फोन का नाही केला म्हणशील. केला ना. दर वेळी एक बाई गोड आवाजात सांगते की आपण ज्यांना फोन केला आहे ते आत्ता बोलू शकत नाहीत. तुझ्यापेक्षा तिच्याशीच माझं बोलणं जास्त झालंय या वर्षात. शिवाय माझा डावा कान आता शोभेपुरता उरलाय. म्हणून पत्र.

तू गेलीस त्या सकाळी मी म्हणाले होते, शरीर म्हणजे काय भाड्याची सायकल आहे, मोडली की मालकाला परत करायला? वाक्य चांगलं होतं. अजूनही मला आवडतं. पण तू ते ऐकून पायात चपला अडकवल्यास आणि गेलीस, पळायचे निळे बूट पलंगाखालीच राहिले. ते मी घालते. पुढे चिंधी कोंबली की बसतात. कोर्टबाई विचारते, आजी, शर्यतीला निघालात का. म्हटलं, हो, न्हाणीघरापर्यंत.

तर त्या बुटांचं. डाव्याचा तळ झिजून गुळगुळीत झालाय आणि उजवा जवळजवळ नवा आहे. दोन पायांनी पळणाऱ्या माणसाचे बूट असे झिजत नाहीत. आणि जिन्याचं. लहानपणापासून तू दोन-दोन पायऱ्या टाकत चढायचीस. त्या सकाळी शेवटच्या खेपेला एकेक चढलीस, प्रत्येक पायरीवर दुसरा पाय आणून टेकवत, माझ्यासारखी. दार उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तेव्हा विचारायला हवं होतं. विचारायचं सोडून भाड्याची सायकल काढली.

बारा एप्रिलला तुझी ती मोठी शर्यत आहे, हे कोर्टबाईने शोधून वाचून दाखवलं. आधी पावणेचार किलोमीटर पोहायचं, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर पळायचं, आणि सगळं एकाच दिवसात. मी विचारलं, मागे कुत्रं लागलेलं असतं का? नाही म्हणे, हौसेने करतात. त्याचं जे नाव आहे ते माझ्या जिभेवर बसत नाही. मी तीन-तेरा म्हणते. खेळ तीन, माणसाचे तुकडे तेरा.

तर विचारायचं एवढंच, उजवा पाय कसा आहे?

मी मजेत. हे लिहू नको हं कोर्टबाई, पण हल्ली दुपारी मी ते बूट घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसते. जिन्यावर कोण चढतंय ते ऐकत. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका, वरचा सुतार, सगळ्यांची पावलं ओळखू येतात. एवढे सगळे येतात-जातात. बरं, लिही पुढे. आजी मजेत आहे.

तुझी आजी


शनिवार, १४ मार्च. सकाळी ११.०५
हजर : आजी, लिहिणारी. फोटो एक.

भिंगरे,

पाकीट मिळालं. चार ओळी होत्या. कोर्टबाईला वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चष्मा पुसायला लागला. मी ठीक आहे. पाय ठीक आहे. सराव जोरात चालू आहे. तब्येतीला जप. हे पत्र आहे की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी? पण आलं. मी दोनदा वाचायला लावलं, म्हणजे आठ ओळी झाल्या.

ओळींत काही नसलं तरी फोटोत आहे. तू पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी आहेस, जिथे मुलांना पोहायला शिकवतेस तिथेच असावीस. हसतेस. सगळा भार डाव्या पायावर आहे आणि उजवी टाच उचललेली, फरशी तापल्यासारखी. उजव्या नडगीवर निळी पट्टी चिकटवलेली. आणि गालात खळी पडली आहे. आपल्या घराण्यात खळी कुणालाच नाही, तेव्हा तो खड्डा आहे.

फोटो घेऊन दवाखान्यात गेले. तिथे व्यायाम करून घेणारी एक बाई आहे, तिच्याकडे मी आठवड्यातून दोनदा जाते. कशाला ते विचारू नकोस, हौस म्हणून जाते. तिने फोटो हातात घेतला आणि तिचं हसू गेलं. ती जे म्हणाली ते माझ्या भाषेत सांगते. पळणारा माणूस हाडाला रोज थोडं थोडं खरवडतो. विश्रांती मिळाली आणि पोटात अन्न गेलं, तर हाड ते भरून काढतं. दोन्ही नाही मिळालं तर एके दिवशी त्याला केसाएवढा तडा जातो. स्नायूचं दुखणं हातभर पसरतं, आणि तड्याचं दुखणं बोटाएवढं असतं. तेव्हा अंगठा नडगीवरून हळूहळू खाली आण. एकाच जागी जीव कळवळला तर पळणं बंद आणि फोटो काढायला जा. हसरा नव्हे, हाडाचा. त्यावरही पळत राहिलीस तर तडा आरपार जातो, मग हाडात सळई घालतात आणि शर्यत टीव्हीवर बघायची.

तिने आणखी एक विचारायला सांगितलं. पाळी वेळेवर येते का? ती थांबली असली तर हाडाला आतून पुरवठा थांबला म्हणून समजायचं. इथे कोर्टबाईचा हात थबकला. म्हटलं, लिही, कोर्टात याहून काय काय लिहिलं असशील. म्हणाली, लिहिलंय. आणि लिहिलं.

हे मात्र लिहू नको हं. आज त्या व्यायामवालीने मला कठडा सोडून चार पावलं टाकायला लावली, आणि मला जानेवारीतलं न्हाणीघर आठवलं. पडले तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं, म्हटलं, बघा, न पळता पाय मोडला. मग उठता येईना. सकाळभर फरशीवर होते. नळ ठिबकत होता, थेंब मोजत राहिले. भिंगरीला हाक मारली नाही. इतक्या लांबच्या माणसाला हाक मारली की आपण किती लांब आहोत ते कळतं. तू दूध आणून द्यायला आलीस म्हणून, नाहीतर तुझ्या कोर्टात माझा पंचनामा झाला असता. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. कळून ती धावत आली तरी मला सोसायचं नाही आणि नाही आली तरी सोसायचं नाही.

तर लिही, आजीची तब्येत खणखणीत आहे. अंगठा नडगीवरून फिरव आणि खरं काय ते कळव.

तुझी आजी


बुधवार, २५ मार्च. सकाळी ९.४५
हजर : आजी, लिहिणारी. दोघींचं बोलणं दोन दिवस बंद होतं, आज सुरू.

भिंगरे,

तुझं पत्र सोमवारी आलं. कोर्टबाईने पहिली ओळ वाचली. "आजी, तू न्हाणीघरात पडलीस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?" मी म्हटलं, हिला कुणी सांगितलं? कोर्टबाई म्हणाली, तुम्ही. मी म्हटलं, मी तर लिहू नको म्हणाले होते. ती म्हणाली, हो, तेही लिहिलंय.

भिंगरे, या बाईने पहिल्या पत्रापासून शब्दन् शब्द उतरवलाय. बूट घालून दाराशी बसते तेसुद्धा. मी तिला म्हटलं, तू माणूस आहेस की सापळा? तर तिने शांतपणे पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, "आजी, चौतीस वर्षांत मी एकदाच कुणाचंतरी वाक्य गाळलं. साक्षीदार म्हणाला हे लिहू नका आणि मला त्याची दया आली. तेच एक वाक्य महत्त्वाचं होतं." पुढे त्या माणसाचं काय झालं ते तिने सांगितलं नाही. मी दोन दिवस तिचं दूध परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी बिनदुधाचा चहा जाईना.

म्हणजे आता मी जे बोलेन ते तुला कळणार, हे मला ठाऊक आहे. हे ठाऊक असून बोलते आहे. याची नोंद घे, कोर्टबाई.

तू खरं लिहिलंस, बरं वाटलं. फेब्रुवारीतच हाडाचा फोटो काढलास. तडा आहे. डॉक्टरांनी आठ आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलं आणि तू ते तुझ्या प्रशिक्षकाला सांगितलं नाहीस. पट्टी बांधून पळतेस. सायकलवर आणि पळताना खायचे अठ्ठावीस पुडे मोजून खोक्यात भरून ठेवलेस, ते चिकट, कॉफीच्या आणि संत्र्याच्या चवीचे, दाबले की पेस्टसारखे बाहेर येणारे. अठ्ठावीस नीट मोजलेस. पाळीचं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर तेवढं मोजायचं राहिलं. उत्तर आलं नाही, म्हणजे उत्तर आलं.

आणि शेवटी लिहिलंस, दोन वर्षं मी याच्यासाठीच जगले, आता थांबले तर मी कोण उरते? आणि तूच तर म्हणायचीस, आपल्या पायावर उभी राहा.

म्हणायचे. उभी राहा म्हणाले, पळ कधी म्हणाले? बरं, थट्टा पुरे.

मी शर्टांच्या कारखान्यात काजं करायची हे तुला माहीत आहे. बटण ज्या चिरेतून जातं तिच्या कडेने दोरा ओवायचा, हाताने, जवळजवळ टाके. मी सगळ्यांत भरभर करायची. फळ्यावर रोज प्रत्येकीची एक ओळ लिहायचे, सगळ्यांत वरची ओळ माझी. वाचता यायचं नाही, पण वरची ओळ वरची असते, त्याला वाचावं लागत नाही. बारा वर्षं माझी ओळ खाली आली नाही.

मग अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. बोटाएवढ्या जागेत. देखरेखीच्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, महिनाभर घड्या घालायच्या टेबलावर बस, हात बरा झाला की ये परत. मी म्हणाले, हात ठीक आहे. तुझ्या चार ओळींतल्यासारखंच म्हणाले. मनगटाला चिंधी बांधली, वर लांब बाह्या घातल्या. तीन महिने असं चाललं. एका दुपारी कात्री खाली पडली आणि उचलायला गेले तर बोटं वळली, अंगठा आलाच नाही. तो आजतागायत कामावर आलेला नाही.

हे तुला थोडंफार माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नाही.

तुझी आई तेव्हा सतरा वर्षांची. तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि पहिली विद्यार्थिनी मी व्हायचं असं तिने ठरवलं. पाटी आणली. मला समोर बसवलं, पेन्सिल हातात दिली. मला ती धरता येईना. अंगठा उभाच राहीना, पेन्सिल गळून पडायची. एवढंच सांगायचं होतं की बाळ, हात गेलाय. पण हात गेला म्हटलं की माझ्याच हट्टाने गेला हेही सांगावं लागलं असतं. म्हणून म्हणाले, मला नाही त्यात रस, अक्षरांनी कुणाचं पोट भरलंय? तिने पाटी फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. पुढे शंभर मुलांना शिकवलं तिने. मला पुन्हा कधी विचारलं नाही. गेली तेव्हाही तिला हेच ठाऊक होतं, की आईला माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

मी अडाणी राहिले हे सगळ्यांना मी हसत सांगते. खरं हे आहे.

लिहिलंस?

लिहिलं, म्हणते.

(आजी खिडकीकडे बघतात. मग म्हणतात, लिही पुढे.)

तर मी कोण उरते, हे तू मला विचारतेस. फळ्यावरून माझी ओळ पुसली त्या दिवशी मलाही तोच प्रश्न पडला होता. उत्तर अजून सापडलेलं नाही, तेव्हा तुला कुठून देऊ? एवढं आठवतं, की घड्यांच्या टेबलावर गेल्यावर मान वर करायला फुरसत मिळाली, आणि जिच्या शेजारी बसून बारा वर्षं काजं केली तिचे डोळे घारे आहेत हे तेव्हा दिसलं. तुझ्यासाठी हे फारच थोडं आहे, मला कळतं. माझ्याकडे एवढंच आहे.

तुझ्या प्रशिक्षकाला मी कळवणार नाही. मनात आलं होतं, आणि कोर्टबाईला पत्ताही शोधता आला असता. पण तुझं दुखणं तुझ्या तोंडून बाहेर पडलं पाहिजे. माझ्याकडून कुणी जबरदस्तीने काढून घेतलं असतं तर मी आणखी चार खोट्या गोष्टी रचल्या असत्या. मी स्वतःला ओळखते, आणि तू माझ्याच हाताखाली वाढलीस.

तुझी आजी


गुरुवार, २ एप्रिल. सकाळी १०.१०
हजर : आजी, लिहिणारी, पाटी

भिंगरे,

आठ दिवस झाले, उत्तर नाही. शर्यतीला दहा दिवस राहिले. पोस्टमन खालच्या मजल्यापर्यंत येतो आणि परत फिरतो, त्याच्या पायांत लोखंडी टाचा आहेत, लगेच ओळखू येतो. कोर्टबाई म्हणते, पोस्टात उशीर झाला असेल. कोर्टात राहून हिला खोटं बोलता कसं येत नाही, नवल आहे.

तू रागावली असशील. किंवा पळत असशील. दोन्हींपैकी पहिलं असावं अशी मी आशा करते आहे. माणूस नातीच्या रागाचीसुद्धा वाट बघतो म्हणजे बघ.

काल कोर्टबाईला स्टुलावर चढवून कपाटावरची पाटी खाली काढली. फडकं जीर्ण झालंय, पाटी जशीच्या तशी. पेन्सिलचा तुकडाही होता. उजव्या हाताने येत नाही तर डाव्याने बघा, ती म्हणाली. या वयात? म्हटलं, कोर्टात जन्म काढूनही तू आशावादी कशी? तरी डाव्या मुठीत पेन्सिल धरली, लहान मूल चमचा धरतं तशी, आणि वरून खाली एक रेघ ओढली. वाकडी आली. मी म्हटलं, हे कुठलं अक्षर? ती म्हणाली, हे अक्षर नाही, हा काना. मग हा एकटा काय म्हणतो? ती म्हणाली, एकटा काहीच म्हणत नाही. आधी अक्षर लागतं, मग त्याला टेकून हा उभा राहतो.

मी तिला म्हटलं, मग आयुष्यभर मी पोरीला चुकीचं शिकवलं. तुमच्यात कानासुद्धा आपल्या पायावर उभा राहत नाही.

दुपारभर ती एकच रेघ गिरवत बसले. जिना ऐकायचं राहून गेलं. बऱ्याच दिवसांनी राहून गेलं.

तुला आणखी उपदेश नाही. तुझं हाड, तुझा तडा, तुझी बारा तारीख. तुला पळायचंच असलं तर मी इथून तुझा पाय धरून ठेवू शकत नाही. धरून ठेवायला लागणारा अंगठा माझ्याकडे नाही, ते तुला आता माहीत आहे. पळालीस तरी दार उघडंच आहे. काठी टेकत आलीस तरी. जिना एकेक पायरी चढ, दुसरा पाय आणून टेकव, वेळ लागू दे. मी आतून पावलं ओळखेन आणि या वेळी आधी विचारेन, दुखतंय का?

पण न पळायचं ठरवलंस तर ते मला लिहून कळवू नकोस. ठीक आहे, ठीक आहे असं आपण दोघींनीही फार लिहिलंय आणि आपल्या लिहिण्यावर माझा भरवसा राहिलेला नाही. त्यापेक्षा एक काम कर. शर्यतीसाठी मोजून ठेवलेला तो चिकट खाऊ पाठव. पोस्टाने चार दिवस लागतात, म्हणजे मंगळवारपर्यंत टाकलास तर शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत इथे पोचेल, आणि खोका माझ्या मांडीवर आला की तू पळणार नाहीस हे मला कुणी वाचून दाखवायला नको. आम्ही दोघी रोज जेवण झालं की एकेक खाऊ, मला कॉफीच्या चवीचे, कोर्टबाईला संत्र्याचे. ती मोजून घेणार आहे आणि तिच्या हातून काही गळत नाही, हे तुला कळलंच आहे. खाली जी वाकडी रेघ दिसते ती डाग नाही, ती मी आहे.

।

तेव्हा पाठव. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. सत्तावीस नकोत.